मांडीवरची अंडी

“एसी बंद कर, अलीमियाँ. पारा सदतीसच्या खाली चाललाय,” मागच्या सीटवरून क्लेमेंट म्हणाला.

मी बंद केला. अठ्ठ्याण्णवचा जून, आखातातला बरका ते सीबचा रस्ता. त्या उन्हात खजुराची सावलीसुद्धा झाडाला चिकटून उभी राहते, पुढे यायला धजत नाही. बरक्याच्या बाजारात मासे समुद्रातून निम्मे शिजूनच येतात, मीठमसाला तेवढा आपला. खोटं वाटत असेल तर जूनमध्ये या.

क्लेमेंटच्या शेजारी त्याची बायको, उर्सुलाभाभी, मांडीवर ट्रे धरून बसल्या होत्या. ट्रेमध्ये कोंबडीची अंडी आणि एक थर्मामीटर. प्रत्येकाच्या कवचाला छोटी खिडकी कापून वर पारदर्शक पट्टी लावलेली. वसईचा हा क्लेमेंट बरक्याच्या पोल्ट्रीत डॉक्टर सफूराबाईंच्या प्रयोगाची अंडी उबवायचा. आज मशीन बंद पडलं, आणि जुम्म्याची नमाज झाल्याशिवाय इलेक्ट्रिशियन हलणार नव्हता. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चमधली रविवारची मिस्साही शुक्रवारीच. अंडी उबेतच बाईंच्या सीबच्या लॅबमध्ये पोचवायची, म्हणून मिस्सेला निघालेल्या भाभी तशाच गाडीत बसल्या.

बाईंचा शोध असा, की पिल्लाच्या पायाकडे जाणारी नस, रक्ताची नव्हे, दुखणं कळवणारी, आधी पांढऱ्या दोऱ्यासारखी एकटीच वाढते. रक्तवाहिन्या तिच्या कडेकडेने चालतात, पण आत पाऊल टाकत नाहीत. मग एक दिवस आत शिरतात. तो दिवस आजचा. ही अंडी गेली तर काम बंद, असं बाईंना वरून कळलं होतं. काम बंद म्हणजे क्लेमेंटचा व्हिसाही खलास.

“एकोणचाळीस. लाव एसी.”

लावला. “गाडी हाय का चूल?” मी म्हटलं.

“चाळिशी ओलांडू दे, मग उकडलेलीच खा.”

वेग एकशेवीसच्या पुढे गेला, तशी गाडी इशाऱ्याची टिंगटिंग करू लागली.

“हळू, अलीभाय,” भाभी म्हणाल्या. “धक्के बसतात त्यांना.” घाम त्यांच्या हनुवटीवरून गळत होता, पण ट्रेवरचा हात सुटत नव्हता. मग त्या एका खिडकीवर वाकल्या. “हे थांबलंय.”

क्लेमेंट झुकला. आरशात त्याचा चेहरा बघण्याच्या नादात मी एक उंट कसाबसा चुकवला. खरं तर उंटानेच मला चुकवलं.

“नाय थांबलं. काळजाचं लाल टिंब हलतंय, बघ.”

सीबच्या लॅबमध्ये बाईंनी एक अंडं फोडलं, रक्तवाहिन्यांत शाई सोडली आणि इवलासा पाय सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ त्यांनी डोळा उचलला नाही. क्लेमेंट शेजारच्या रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभा.

“रक्तवाहिनी शिरलीय आत,” बाई म्हणाल्या. “केसाहून बारीक, पण आत आहे. काम चालू राहील, क्लेमेंट.”

क्लेमेंट त्याच खुर्चीत बसला.

भाभींनीही वाकून पाहिलं. “नसेत रक्त आलं म्हणजे त्याला दुखत असेल?”

बाई रायगडकडच्या, मराठी त्यांना चांगली येत होती. तरी त्या एकेक शब्द जोखून म्हणाल्या, “अजून नसेल दुखत. खात्रीने नाही सांगता येत.”

उरलेली पिल्लंही आता कवचातून काढून, तपासणीसाठी टिकवायच्या औषधात बुडवायची होती; जगणार कुठलंच नव्हतं. क्लेमेंटने उठून बरणीचं झाकण काढलं. भाभींनी ओढणी डोक्यावर घेतली, क्रुसाची खूण केली आणि पहिल्या अंड्यावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत काही म्हणू लागल्या. मग दुसऱ्यावर.

बाईंनी हातातला चिमटा टेबलावर ठेवला. भाभींना घाई नव्हती.