पदराबाहेरचे हात

"आई, हात पदराखाली घे," यादव म्हणाला.

मीराबाईने हात मांडीवर होते तेथेच राहू दिले. सूतिकागृहात आयेची नोकरी करताना टेमघरची कित्येक बालके ज्या हातांनी प्रथम झेलली, त्यांची बोटे आता संधिवाताने वाकून एकमेकांवर चढली होती. घरात तिचे एकही छायाचित्र नव्हते, म्हणून मुलाने तिला रिक्षाने धामणकर नाक्यावरील केसरीनाथांच्या स्टुडिओत आणले होते. त्याची निकड आताच का भासावी, हे त्याने सांगितले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते.

"भितीवर लावायचाय ना? मंग हात बी दिसू दे. निसतं तोंड नको."

लोक बोटांकडेच बघतील, असे यादव पुटपुटला.

"तुला लाज वाटते तं भाईर जाऊन बस."

तो बाहेर गेला नाही. खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

स्टुडिओच्या खाली यंत्रमाग होते. ते चालू असेपर्यंत जमीन थरथरे आणि चित्र हले. त्यामुळे सायंकाळी पाळी बदलताना माग थांबत, तेवढ्या अवकाशातच केसरीनाथ छायाचित्र टिपत. तत्पूर्वी गिऱ्हाइकाला ताठ बसवून, हनुवटी उचलून, खांदे समपातळीत आणून सिद्ध ठेवण्याचा त्यांचा आयुष्यभराचा परिपाठ होता. त्याच सवयीने त्यांनी मीराबाईचा उजवा खांदा वर केला.

ती ओरडली नाही. तिचा श्वास मात्र मध्येच तुटला.

केसरीनाथांनी हात मागे घेतला.

"चुकलं, मावशी. कसं बसलं म्हंजे दुखत न्हाय?"

"तसं बसणं आता ऱ्हायलं न्हाय, भाऊ. डावीकडं कललं तं जरा कमी दुखतं."

त्यांनी तिला कललेलीच राहू दिले. डाव्या कोपराखाली गोधडीची गुंडाळी ठेवली, हातांखाली मऊ उशी सरकवली आणि कॅमेरा खाली उतरवून तिच्या कलाप्रमाणे किंचित तिरपा केला. माग थांबेपर्यंत डोळे मिटून स्वस्थ बसावे, असे त्यांनी तिला सांगितले.

माग थांबले. खोलीत अकस्मात शांतता उतरली. मीराबाईने डोळे उघडले.

"हसा म्हणत न्हाय मला?"

"तुमाला वाटलं तं हसा."

ती हसली नाही. तिने एकवार आपल्या हातांकडे पाहिले आणि मग मान वर केली. केसरीनाथांनी कळ दाबली. थोड्याच वेळाने खाली माग पुन्हा सुरू झाले आणि उशीवरची ती बोटे जमिनीबरोबर थरथरू लागली.

थंडीच्या दिवसांत ती गेली.

केसरीनाथ टेमघरला भेटायला गेले, तेव्हा भिंतीवर तेच छायाचित्र होते आणि खाली मेणबत्ती जळत होती. बाजारातून आणलेला तयार हार चौकटीला घातलेला होता. तो लांब होता. फुलांच्या लोंबत्या टोकाखाली मीराबाईचे दोन्ही हात झाकले गेले होते.

यादवने पाहुण्यांना बसावयास सांगितले, पाणी दिले. नंतर तो स्टुलावर चढला आणि हार उतरवला. दोरा सोडून त्याने खालची फुले काढली, गाठ वर घेतली आणि आखूड झालेला हार पुन्हा घातला.

काढलेली फुले कोठे ठेवावीत, हे त्याला सुचेना. ती ओंजळीत घेऊन तो चित्रासमोर उभा राहिला.