कमलचे दुखणे आणि मी

मित्रांनो, झाशीतल्या एका जिन्याखाली गंजत उभी असलेली मी एक जुनी सायकल आहे. फार थकले आहे, म्हणून सावकाश सांगते.

स्वातंत्र्याला दहाबारा वर्षे झाली असतील, तेव्हा यज्ञेश्वररावांनी मला सदर बाजारातून घेतले. ते रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. माझा काळा रंग आणि खणखणीत घंटी यांचे गल्लीत कौतुक झाले. पण माझे खरे काम त्यांची मुलगी कमल जन्मल्यावर सुरू झाले.

कमल तीन वर्षांची झाली आणि तिचे पोट वाढू लागले. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र टम्म. हिवतापाने पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली असे समजून कडू औषधे झाली. उतार पडला नाही. नाकातून रक्त येई, जरा धक्का लागला की अंगावर निळे डाग उठत. आधी ती दांड्यावरच्या छोट्या सीटवर बसे. पुढे पोट अडू लागले, तेव्हा मागच्या कॅरियरवर उशी बांधली गेली.

मग मांड्या दुखू लागल्या.

"बाबा, हड्डीच्या आत दुखतं," ती म्हणे.

"शाळा बुडवायचे बहाणे आहेत हे," यज्ञेश्वरराव म्हणत.

एका संध्याकाळी लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या देवळाकडे जाताना त्यांनी तिला खाली उतरवले. "चाल जरा, पाय मोकळे होतील." ती थोडी चालली आणि कोसळली. मांडीचे हाड मोडले होते. यज्ञेश्वररावांनी मला रस्त्यातच टाकले आणि तिला उचलून धावले.

लखनौला हाडातल्या मज्जेची तपासणी झाली. परतल्यावर जिन्यापाशीच ते पत्नीला, अनुसूयाबाईंना म्हणाले, "तुझ्या माहेरी कुणाला होतं का असं?"

अनुसूयाबाई पायरीवर बसल्या. "डॉक्टरजी काय म्हणाले, विसरलात? शरीरातली एक चरबी विरघळत नाही, ती पाणथरीत, यकृतात, हाडांत साठत जाते. आणि आईबाप दोघांकडून दोष आला तरच हे होतं. अर्धं माझं, अर्धं तुमचं. आता पुन्हा विचारू नका."

त्यांनी पुन्हा कधीच विचारले नाही.

पाणथरी काढली. रक्त थांबले आणि काही वर्षे बरी गेली. कमल कॉलेजला गेली, गल्लीतल्या मुलांना गणित शिकवू लागली. पण हाडांतले दुखणे तापासकट परत परत येई. खुबा झिजला. मग ती माझ्या हँडलवर भार टाकून चाले आणि यज्ञेश्वरराव दुसऱ्या बाजूने मला तोलून धरत. या दुखण्यावर तेव्हा औषध नव्हते.

शेवटी तिला कॅरियरवर बसवून नुसते ढकलावे लागे. तिला दम लागे, त्यांनाही.

"बाबा, थांबा ना. थकलात तुम्ही."

"मी कुठं थकलोय?" ते म्हणत. मग मला पुन्हा ढकलू लागत.

एका हिवाळ्यात कमल गेली. तिला सत्तावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. काही वर्षांनी परदेशात औषध निघाल्याचे अनुसूयाबाईंनी वर्तमानपत्रात वाचले. "कुणाच्या तरी लेकराला मिळेल," एवढेच म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. यज्ञेश्वरराव बराच वेळ माझ्या सीटवर हात ठेवून उभे राहिले.

मित्रांनो, मला तेल घातले नाही तरी चालेल. माझा गंज मला दुखत नाही. पण तुमच्या घरात कुणी "आत दुखतंय" म्हणाले आणि बाहेर काहीच दिसले नाही, तरी त्याचे खरे माना. त्याला चालायला लावू नका.