मागची झील

"राख गा देवा," पुढून बुधरीने ओळ टाकली. मागून "वाट राख" आलं नाही. लगेच पाचही पोरी थांबल्या आणि उलट्या वळल्या.

पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर नुकतं फटफटलं होतं. मागे दीपाली गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती.

"आमाले वाटलं, नेलं वाघानं तुले," दिव्या म्हणाली.

"माझ्यात काय हाये खायले? परत आणून सोडन तो."

पोरी हसल्या. त्या हसण्यात दीपालीला दम खायला मिळाला. "चला," ती म्हणाली, आणि पावलं पुन्हा वाजू लागली.

दीपालीचं वय आता बत्तीस. नऊ वर्षं ती रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत रोजाने पिशव्यांत माती भरत होती. वनरक्षकाच्या भरतीत बसायचं तिचं वय यंदा संपत होतं. पुढच्या खेपेला कोणी फॉर्मही घेणार नव्हतं. आधी ती एकटीच धावायची. नाल्यापर्यंतसुद्धा दम पुरायचा नाही. त्यात नाल्याशी वाघाचे ठसे दिसले आणि घरच्यांनी धावणंच बंद केलं.

मग मुखरूभाऊने पोरी जमवल्या. त्याची उमर भजनी मंडळात खंजिरी वाजवण्यात गेलेली. गुडघे कामातून गेलेले, म्हणून तो रोपवाटिकेसमोरच्या पुलाच्या कठड्यावर बसून राहायचा. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, "कीर्तनात बुवाचा दम तुटला का ओळ कोण सांभाळते? मागचे झीलकरी. तुमच्यात जे सगळ्यात हळू, ते मांगं धावन अन् झील देईन. झील नाई आली का सगळ्यायनं मांगं वळाचं. एकटी कोणी सुटली नाई पायजे."

सगळ्यात हळू दीपालीच. अंग ठणकायचं त्या पहाटे बुधरी दार वाजवायची, "उठ ना बाई, झील कोण देईन?" अशी पाच महिने दीपाली उठली. भरतीचे तीन किलोमीटर धावून वेळेत येऊ लागली. रोज नाही, पण येऊ लागली.

भरतीची धाव मोठ्या रस्त्यावरच होती. ऊन चढलेलं. आदल्या दिवशीही दीपालीने कामावर खाडा केला नव्हता. दुसऱ्या किलोमीटरला तिच्या बरगडीखाली कळ उठली. बाकीच्या तिघी दुसऱ्या तुकडीत होत्या. पन्नासेक पावलं पुढे बुधरी आणि दिव्या धावत होत्या. बुधरीने सवयीने ओळ टाकली.

दीपालीला कळलं: झील गेली नाही तर या दोघी वळतील. डोक्याला विचारणारसुद्धा नाहीत, पायच वळतील. छातीत उरला होता तेवढा दम एक तर पायांना देता आला असता, नाही तर गळ्याला.

"वाट राख," तिने दिली.

वळणावर पुन्हा दिली. शेवटच्या टप्प्यात ती नुसती चालत होती, कुशीला हात लावून, आणि चालता चालता जोरात झील देत होती. बुधरीने एकदाही वळून पाहिलं नाही.

त्या दोघी वेळेत आल्या, भरतीत बसल्या. दीपाली मिनिटभराने हुकली.

"तुझा आवाज त चांगला येत होता ना बाई," बुधरी रडत म्हणाली. "मले वाटलं, तू मांगंच हायेस."

"मांगंच होती," दीपाली म्हणाली, आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

दोघी ट्रेनिंगला गेल्या. दीपालीच्या दारावर आता पहाटे कोणी थाप मारत नव्हतं. तरी जाग यायची. अंथरुणात पडून तरी काय करायचं, म्हणून ती लवकरच रोपवाटिकेत येऊन बसायची. एके दिवशी ती अशीच सागाच्या रोपांसाठी पिशव्या भरत होती. रस्त्यावरून नव्या पोरींची पावलं आली.

"राख गा देवा."

मागून काही आलं नाही. पावलं थांबली. सगळ्यात मागची पोर धापा टाकत उभी होती. तोंड उघडत होतं, आवाज फुटत नव्हता. पुलावरून मुखरूभाऊने रोपवाटिकेकडे पाहिलं.

"वाट राख," तारेच्या कुंपणाआडून, बसल्या जागेवरूनच दीपालीने दिली.

पोरी हळूहळू निघाल्या. दुसऱ्या ओळीला त्या मागच्या पोरीचा बारीक आवाज दीपालीच्या आवाजात मिसळला. तिसऱ्या ओळीला दीपाली गप्प राहिली.

झील आली. पावलं लांब गेली. मातीच्या हातांनी तिने पुढची पिशवी उघडली.