एका पोरीसाठी निघालेली बस

मित्रांनो, शाळेच्या शेडमागं वाळक्या गवतात टायर रुतवून बसलेली जुनी पिवळी छोटी बस दिसते ना, ती मी. माझ्या इंजिनात आता उंदरांनी संसार थाटलाय. पण रडगाणं माझं नाही, एका पोरीचं आहे. माझं त्यातच आलं.

कारखान्यातून निघाले तेव्हा अंगाला हळद लागल्यासारखी पिवळीधम्मक होते. अमेरिकेत मोंटानातल्या या गावात तेव्हा पोरांचा सुकाळ. सीटखाली च्युइंगम चिकटवायची, काचेवरच्या वाफेत माकडं काढायची, गाणी म्हणून डोकं उठवायची. "बर्फात कधी अडकली नाही, गुणाची गाडी," असं मोठी माणसं म्हणायची. मग शेतं मोठी झाली, शेतकरी घटले, पोरंही आटली. मला शेडमध्ये ढकललं.

बाहेर काढलं ते सोल्वेगसाठी. मेंढीवाल्या ट्वेटांची ती धाकटी. तिला पूर्वेकडच्या एका नामी कॉलेजात जायचं होतं, शंभरातली चार-पाचच पोरं घेणाऱ्या. शाळेतल्या मार्गदर्शक लिंडक्विस्टबाईंनी तिला बजावलं होतं, "शेवटच्या वर्षी अंग चोरू नकोस. ही कॉलेजं नुसते मार्क बघत नाहीत. तू काय टाळलंस तेही बघतात." आमच्या शाळेत कॅल्क्युलस, म्हणजे वरचं अवघड गणित, शिकवायला कुणी नव्हतं. शेजारच्या मोठ्या गावात होतं. म्हणून रोज सकाळी मी, ती आणि ड्रायव्हर व्हर्न म्हातारा.

"या प्राध्यापकबाई, कुठं बसणार? सगळं थेटर मोकळं आहे."

"जिथं तुमचं गाणं ऐकू येणार नाही तिथं."

"मग टपावर बस."

पहिल्याच परीक्षेत तिला सी ग्रेड मिळाला. परत येताना पोरगी खिडकीला डोकं टेकून मुसमुसत होती.

"सी म्हणजे नापास का गं?"

"नाही हो."

"मग रडतेस कशाला? मला एकदा सी मिळाला तर आईनं केक केला होता."

रडता रडता ती हसली. मग म्हणाली, "सोडून देऊ? मातीची भांडी करायचा विषय घेतला तर डोळे मिटून ए मिळेल."

"घे की. मीही सकाळी झोपेन जरा." थोडा वेळ गाडी चालवून त्यानं विचारलं, "उद्या येणार ना?"

"येणार."

आणि आली. झगडत झगडत सीवरून बीवर चढली. डिसेंबरात तिच्या अर्जाला कॉलेजनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. थांब म्हणाले, पुढचा अभ्यास बघून मार्चमध्ये सांगू. म्हणजे सगळी भिस्त आता कॅल्क्युलसवर.

इकडं माझी पाण्याची नळी फुगली होती. व्हर्न मुख्याध्यापक होफरसाहेबांकडं पुन्हा पुन्हा गेला.

"साहेब, थंडीत फुटेल ती."

"एका पोरीसाठी मेकॅनिक बोलवू? अरे, चालतेय ना गाडी?"

"चालतेय म्हणून सांगायला आलो. बंद पडल्यावर मी कशाला सांगू, तीच सांगेल."

मी सांगितलं. जानेवारीत, भर माळावर, वाफेचा लोट सोडून. नळी फुटली, पाणी गेलं, इंजिन जळालं. व्हर्ननं आपला कोट पोरीला घातला आणि कुणाची गाडी येते का बघत दोघं गारठत बसली.

घरचा ट्रक मेंढ्यांचा चारा वाहण्यात अडकलेला. इंटरनेटवरच्या वर्गात नाव घालायची मुदत गेलेली. लिंडक्विस्टबाई ऑपरेशन होऊन घरी पडलेल्या. होफरसाहेबांनी पोरीला बोलावलं.

"तुझे अर्ज तर गेलेत ना? आता कोण बघतंय! त्या तासाला ऑफिसात मदतनीस म्हणून बस. त्याचाही ग्रेड धरतात, ए देतो."

त्यांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं, उपकारच करतोय. पोरगी दमली होती, हो म्हणाली. मला ओढून इथं टाकलं होतं. ऑफिसच्या खिडकीतून मला ती दिसायची, पालकांना पाठवायच्या पत्रांच्या घड्या घालताना.

मार्चमध्ये कॉलेजचा नकार आला. लिंडक्विस्टबाई काठी टेकत ऑफिसात शिरल्या. त्यांचा आवाज शेडपर्यंत आला.

"कॅल्क्युलस सोडून ऑफिस मदतनीस? मला एक फोन करता आला नाही?"

"मुलगी हुशार आहे बाई. कुठंही चमकेल."

"तिला कुठंही नको होतं!"

कॉलेज नकाराचं कारण देत नाही. सोल्वेगनं विचारलंही नाही. शाळेचं वर्ष संपायच्या सुमारास ती एकदा माझ्यात येऊन बसली, मधल्या सीटवर. व्हर्न दारात उभा राहिला. "गा की काहीतरी," ती म्हणाली. त्याला गाता येईना.

ती आता गावातल्या धान्याच्या कोठारात ट्रकांचं वजन करते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार म्हणते. व्हर्न म्हणतो, म्हणते खरी.

या सप्टेंबरात दुसऱ्या एका पोरीनं कॅल्क्युलस मागितलं. होफरसाहेबांनी खिडकीतून माझ्याकडं बोट केलं. "गाडी बंद आहे गं. दुसरं काहीतरी निवड." पोरीनं माझ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. भांडलीसुद्धा नाही.

मित्रांनो, तुमच्याकडचं एखादं यंत्र कुरकुरायला लागलं, तर उद्यावर ढकलू नका. झाकण उघडा, वाकून बघा. आत एकच पोरगी बसलेली असली तरी बघा. एकच असेल तर आधी बघा. तिच्यासाठी मागून दुसरी गाडी येत नसते.