दोन आठ

आधीच सांगते, माझं तोंड फटकळ आहे. म्हणून तर आमच्या लॅबचे सखारामकाका कपाट आवरताना जुनी बाटली उचलून "हा माझा चार" म्हणाले, तेव्हा मी त्यांच्यावरच खेकसले. "काका, आठ आहे तो!"

"अगं पोरी, मराठी चार आहे. मी वरची दोन टोकं जोडून गाठ मारतो."

मी बाटली त्यांच्या हातून ओढून घेतली. आंबिवलीपुढच्या एका वाडीतल्या दहा विहिरींचं पाणी आम्ही कल्याणला, कॉलेजात आणून तपासलेलं. काही बाटल्यांवर काकांचे मराठी आकडे, काहींवर माझे इंग्लिश. दोन बाटल्यांवर आठ निघाले, चार कुठेच नाही. मी इंग्लिश मीडियमची. एकीला अंदाजाने चार ठरवलं आणि गप्प बसले. आमचा रिसर्च पेपर छापून आला, पहिलं नाव माझं, क्षिप्रा. आठव्या विहिरीत फ्लोराइड जास्त, असं त्यात लिहिलेलं. वाडीने ती विहीर झाकली आणि तिच्यावरचे सगळे वर्षभर चौथीचं पाणी पीत होते. खराब पाणी चौथीचंच होतं.

आणि सोमवारी त्याच पेपरच्या जोरावर माझा नोकरीचा इंटरव्ह्यू!

माझ्या गाइड मंदाकिनी मॅडम, नौपाड्याच्या, चार महिन्यांनी रिटायर होणार. त्यांना मी काकांच्या गाठीचं सांगितलं. दोन आठ आणि माझा अंदाज मात्र गिळले. मॅडमनी दोन्ही बाटल्या पुन्हा तपासल्या आणि तिथेच फोनवर जर्नलला पेपर मागे घ्यायचं पत्र लिहायला घेतलं. कारण लिहिलं, 'लेबलं मी तपासली नाहीत.'

"मॅडम, सोमवारनंतर पाठवूया ना?"

"आणि तोवर ते काय पितील गं?"



पत्र पाठवण्याआधी त्या मला घेऊन रिक्षाने वाडीत गेल्या. चौथ्या विहिरीवर वाडीतल्या लक्ष्मीकाकू हंडा भरत होत्या. मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं आणि हात जोडले. "चूक माझी. हे पाणी पिऊ नका, आठवीचं चांगलं आहे."

"वर्षभर पाजलंत की बाई! माझी नात पण हेच पिते."

मॅडमनी मान खाली घातली. एक सबब नाही, माझं नाव नाही. पस्तीस वर्षं नाव कमावलेली बाई त्या चिखलात हात जोडून उभी होती.  एवढं मोठं माणूस मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि रोज त्यांच्याच शेजारी बसत होते.

"काकू, चूक त्यांची नाही," मी म्हटलं. "दोन आठ निघालेले. कोणाला न विचारता मीच ठरवलं."

 मॅडमनी फोन माझ्या हातात दिला. "कारण बदल."

विहिरीच्या कठड्याला टेकून मी त्यांची ओळ खोडली. 'नमुन्याचा क्रमांक मी अंदाजाने ठरवला,' असं लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि मॅडमना दाखवून पत्र पाठवून दिलं.

तोवर लक्ष्मीकाकूंनी हंडा ओतून टाकलेला. त्या आठव्या विहिरीकडे चालायला लागल्या, मागून मॅडम. झाकणाची फळी भलतीच जड होती. दोघींनी एक बाजू धरली.

"बघतेस काय?" काकू माझ्यावर खेकसल्या. "धर की!"