गडावरच्या शेवया

विजयमालेनं चुलीवर कढई ठेवून शेवया भाजायला घेतल्या, तेव्हा सासूबाई, मुक्ताबाई, दारातूनच म्हणाल्या, "डोंगरावर कुनाचं बारसं हाय का काय, शेवया न्यायला?"

"मामांनी सांगितलंय," विजयमाला म्हणाली आणि उलथनं फिरवत राहिली.

मच्छिंद्र, तिचा नवरा, फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीवर कामी आला. त्याचं वर्षश्राद्ध होऊन महिना झाला होता. दर रजेला तो घरी चार दिवस काढायचा, फौजी पिशवीचा पिट्टू पाठीवर टाकायचा आणि एकटाच हरिश्चंद्रगडावर जायचा. जाताना शेवया न्यायचा. "भाकरीला परात पाहिजे, तवा पाहिजे, थापनारी पाहिजे," असं म्हणून तो हसायचा. "शेवयाला नुसतं पानी. पटका बांधूस्तोवर शिजत्यात." पुढच्या रजेला तुला नेतो, असं तो तिला दोनदा म्हणाला होता.

आता तिचे मामा, म्हणजे सासरे गहिनीनाथ, तिला नेणार होते. का, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. वर्षभर तिचं असंच चाललं होतं. ऊठ म्हटलं की उठायची, जेव म्हटलं की जेवायची. गावात कुजबुज झाली, की म्हातारा विधवा सुनेला घेऊन डोंगर चढायला निघालाय. ती तिच्या कानावर आली आणि तशीच निघून गेली.

भाजलेल्या शेवया तिनं फडक्यात बांधल्या. दाण्याचं कूट, तिखट, मीठ, गूळ यांच्या पुड्या केल्या. चार कांदे घेतले. पिट्टू तिनंच पाठीवर घेतला. पुणतांब्याहून एसटी बदलत बदलत दोघं राजूरला उतरली. पुढं चालायचं होतं. दुष्काळाचं साल, रस्त्याच्या कडेला माणसं रांगेनं खडी फोडत बसली होती. हातोड्यांचा आवाज बराच वेळ मागून येत राहिला.

वाटेत एका ओढ्याच्या डबक्याशी थांबून तिनं तीन दगड मांडले. पाणी उकळलं, त्यात कांदा, तिखट, मीठ, मग शेवया आणि वरून कूट. म्हाताऱ्यानं पानावर घेऊन खाल्ल्या. "लगदा झाला," ते म्हणाले.

"व्हय."

"पानी कमी घालावं."

"बरं."

बोलणं तेवढंच. दुसऱ्या दिवशी गडाच्या पायथ्याला, पाचनईत, कडूबाई नावाच्या बाईच्या ओसरीवर दोघं टेकली. कडूबाईनं नाचणीची भाकरी दिली, यांनी तिला गुळाच्या शेवया करून दिल्या. तिनं एक शेवई बोटावर उचलून लांबवर धरली. "ह्यो दोरा कोन वळतं एवढा?"

"आमी बायाच वळतो," विजयमाला म्हणाली.

"आन् तुजं मानूस कुठं हाय, बाई?"

"मेलं." एखाद्याला वाट सांगावी तशी ती म्हणाली. कडूबाईचा हात तोंडाशी गेला. गहिनीनाथांनी उठून चपला घातल्या.

चढताना म्हाताऱ्याचा गुडघा दुखायला लागला. ती पुढं जायची, थांबायची, ते आले की पुन्हा निघायची. उन्हं कलायच्या आत दोघं देवळापाशी पोचली. दर्शन घेतलं. मच्छिंद्र कुठं झोपत असेल, कुठं चूल मांडत असेल, हे बघावं म्हणून तिनं आजूबाजूला नजर टाकली. कातळ होता, टाक्यातलं हिरवं पाणी होतं, माकडं होती. छातीत काहीतरी हलेल म्हणून ती थोडी वाट बघत उभी राहिली. काही हललं नाही. मग ती सरपण गोळा करायला गेली.

या खेपेला पाणी बेताचं घातलं. शेवया मोकळ्या झाल्या. दोघं समोरासमोर बसून खाऊ लागली. निम्म्याच्या वर खाऊन झाल्यावर गहिनीनाथांचा हात थांबला.

"मीठ घातलंस का गं?"

तिनं तोंडातला घास चावून पाहिला. "ध्यानात न्हाई."

"न्हाई घातलं."

"तुमाला आत्ता कळलं?"

"आत्ताच," म्हातारा म्हणाला. मिठाची पुडी तिथंच, हाताशी होती. दोघांपैकी कुणी ती उचलली नाही. उरलेलं तसंच खाल्लं.

भांडं घासून झाल्यावर गहिनीनाथ म्हणाले, "बस. एक इचारायचं हाय. घरात इचारलं तर भिंतीबी ऐकत्यात, म्हनून हितवर आनली. मच्छिंद्राच्या आईच्या मनात हाय, तुजं दुसरं लगीन करावं, सहादेवासंगं पाट लावावा. सून घरातच ऱ्हाईल म्हनती. भावकीबी व्हय म्हनतीय. सहादेव मान खाली घालून बसतो. तुला कुनी इचारलं न्हाई. म्या इचारतोय."

सहादेव, तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा शाळेत जाणारा, भाकरीवर गूळ मागणारा. विजयमालेनं मनात चाचपून पाहिलं. राग नव्हता, लाज नव्हती. बधिर झालेल्या पायाला चिमटा काढावा तसं.

"मामा, मला काईच वाटत न्हाई," ती म्हणाली. "तुमी उद्या पाट लावला तर मी पाटावर बसंन. रडनारबी न्हाई. पर नको."

"नको?"

"नको. का ते सांगता येत न्हाई."

म्हाताऱ्यानं बराच वेळ गुडघा चोळला. "मला तरी कुठं काय वाटतंय," ते म्हणाले. "पोरगा गेला आन् म्या दुसऱ्या दिवशी बैलास्नी पानी पाजलं. लोक म्हनले, काय धीराचा मानूस." मग म्हणाले, "नको तर नको."

गड उतरताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, गुडघ्यासाठी. तिनं पावलं लहान केली.

घरी आल्यावर गहिनीनाथांनी बायकोला उंबऱ्यातच सांगितलं, "पाट लागनार न्हाई. इषय संपला." मुक्ताबाईंनी पुढं कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलणं टाकलं, सुनेचं ताट मात्र रोज वाढलं. सहादेव त्या संध्याकाळी पोटभर जेवला, हे सगळ्यांनी पाहिलं.

लग्नाआधी विजयमाला सातवी पास झाली होती. जूनमध्ये गहिनीनाथांनी नगरला बालवाडीच्या बाईंचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत तिचं नाव घातलं. तिनं मागितलं नव्हतं. विचारल्यावर तिनं "जाते" म्हटलं, इतकंच. स्टेशनावर म्हातारा तिची पेटी डब्यात चढवून खाली उभा राहिला. गाडी हलली. तिला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. खिडकीतून वारा आला तसा तिनं पदर ओढून घेतला. समोरच्या बाईनं विचारलं, "कुठं उतरायचं?"

"नगर," विजयमाला लगेच म्हणाली.