कोर्बिनियानच्या मोरीजवळचा पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. माझी लांबी दीड मीटर, दोन्ही टोकांना सरकती दारे आणि मधोमध पत्र्याची एक पट्टी. पट्टीवर पाय पडला की दोन्ही दारे एकदम खाली येतात. ती वर उचलणे मात्र मला जमत नाही. आत कोण अडकले आहे ते मला कळते, त्याची धडधड माझ्या तारांना जाणवते आणि मी तसाच बंद राहतो.

बव्हेरियातल्या एका लोहाराने मला बीव्हर पकडण्यासाठी घडवले. नारिंगी दातांचा, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा हा प्राणी झाडे पाडून ओढ्यांवर बांध घालतो. सुरुवातीची वर्षे मोठ्या मानाची होती. माझ्यातले बीव्हर दूरदेशी जात आणि जिथून ते नाहीसे झाले होते, त्या नद्यांवर सोडले जात. माणसे माझ्या पाठीवर थाप मारत. पुढे त्या देशांना पुरेसे बीव्हर मिळाले. मला न्यायला गाडी येतच राहिली, पण आता ती बंदूकवाल्याकडे जाई. माझी पट्टी आणि माझी दारे आपले काम तसेच करत होती. नाही म्हणायची सोय पिंजऱ्यात कुणी ठेवलेली नसते.

अशाच एका ऑक्टोबरात कोर्बिनियानने मला आणले. त्याच्याकडे कार्प माशांचे तळे होते. शरद ऋतूत पाणी सोडायच्या मोरीला लावलेल्या फळ्या एकेक करून काढायच्या, तळे रिकामे करायचे आणि तळाच्या खड्ड्यात गोळा झालेले मासे जाळ्याने उचलायचे, यावर त्या घराचे वर्ष चाले. शनिवारी मासे घ्यायला माणसे येणार होती. पण रोज सकाळी मोरी काटक्या आणि चिखलाने बंद झालेली दिसे. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकला की बीव्हर ती वाट बुजवायला धावतो. कोर्बिनियान चिडून आणखी एक फळी काढी, आवाज वाढे आणि दुसऱ्या दिवशी बांधही वाढलेला असे. शेवटी त्याने परवाना काढला आणि सफरचंद ठेवून मला मोरीशेजारी मांडले.

पहाटे पट्टी दबली. आत एक मादी होती. तिने आदळआपट केली नाही. थोडा वेळ माझ्या तारा कुरतडल्या आणि मग एक विचित्र गोष्ट केली. मोरीतून पाणी वाहत होते. तारांतून हाताला येईल तेवढा चिखल आणि पालापाचोळा तिने आत ओढला आणि आवाजाच्या दिशेला, माझ्या जाळीवर थापायला लागली. कोंडलेली असूनही ती तिचे काम करत होती. मीही माझे करत होतो.

उजाडल्यावर वालबुर्गा आली. त्या भागातल्या बीव्हरच्या तक्रारी तीच सोडवायची. ती कोर्बिनियानची शाळासोबतीण; तो तिला बुर्गल म्हणे.

"मादी आहे," ती वाकून म्हणाली. "घरात पिल्लं असतील हिची."

"पिल्लं मलाही आहेत, बुर्गल. माशांवरच जगतात ती."

"तुझ्या पिल्लांना चाळिशी लागलीय, कोर्बी. थोरल्याला तर टक्कल पडलंय."

तो हसला नाही. शनिवार हुकला तर वर्ष गेले, असे म्हणाला. मोरी दोन दिवस स्वतः उभा राहून मोकळी ठेवली, तरी तळे उतरत नाही, वरून ओढा ओततोच आहे, अशी कुरकुर करता करता तो मध्येच थांबला.

"ऑगस्टपासून पाऊस नाही," तो हळूच म्हणाला. "मग ओढा वाहतोय कसा?"

बुर्गलने वरच्या झाडीकडे बोट दाखवले. तिथे बीव्हरचा बांध होता आणि त्यामागे जुने, वाळून गेलेले पाणथळ कुरण पुन्हा भरले होते. ते पाणी मुरत मुरत खाली येत होते. त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांची तळी भेगाळली, मासे मेले. कोर्बिनियानचे तळे तेवढे टिकले. आमच्या आजोबांनी खोल खणलंय, असे तो बिअर पिताना सगळ्यांना सांगत असे.

"म्हणजे आजोबांमुळे नाही?"

"आजोबांनी खणलं चांगलंच. भरलं हिनं."

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. मग मोरीचे काय, असे त्याने विचारले. बुर्गलने सांगितले, की मोरीतून एक रुंद, लांब पाइप टाकायचा आणि त्याचे तोंड खोल पाण्यात ठेवायचे. पाणी आवाज न करता जाईल, आणि आवाज नसला की हिला बुजवायची आठवण होत नाही. फक्त तोंडाभोवती भक्कम जाळी हवी.

"आत्ता जाळी कुठून आणू?" त्याने विचारले. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

त्याने दार उचलले. ती क्षणभर तशीच बसली, मग पाण्यात गेली. दुपारी त्याने माझे एका टोकाचे दार काढले, दुसरे तारेने कायमचे बांधले, पट्टी उपटली आणि मला पाइपाच्या तोंडावर बसवून बुडवले. तळे उतरायला वेळ लागला. मासेमारी तीन दिवस लांबली आणि घ्यायला आलेल्यांची त्याला पुष्कळ बोलणी खावी लागली. पण मासे निघाले.

आता मी कायमचा गाळात रुतलेलो आहे. मला इथून हलता येत नाही. कधीकधी ती येते, माझ्या जाळीला नाक लावून कानोसा घेते आणि निघून जाते.

मित्रांनो, कोर्बिनियान आता थकला आहे. माझ्यावर पाने साचतात. कुणीतरी वर्षातून दोनदा गुडघाभर पाण्यात उतरून ती काढा. जाळी तुंबली की तळे तुंबेल, आणि मग कुणीतरी लोहाराकडे नवा पिंजरा मागायला जाईल.